मूल एका जागी बसत नाही, त्याला ‘उरलेले रिफ्लेक्स’ कारण का? (खान्देशातल्या पालकांनो, मत हवंय)

सावदेकरीण | १३ जून, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी. रावेर तालुक्यातून लिहितेय. मुलगा आठ पूर्ण, शाळा उघडली की तिसरीत बसेल. हुशार आहे. केळीच्या घडाला किती फण्या आहेत ते लांबून सांगतो, शेतातल्या मोटारीचा आवाज बदलला तरी त्याला कळतं. पण वहीत चार ओळी लिहायला बसवलं की दुसऱ्या ओळीला पेन्सिल खाली आणि हा ओट्यावर. पाणी आणायला पाठवलं तर रस्त्यात काहीतरी दिसतं आणि तांब्या तिथेच राहतो. डबा, चप्पल, कंपासपेटी, सगळं हरवतं. दुसरीच्या बाईंनी वर्षभर सांभाळून घेतलं आणि शेवटी म्हणाल्या, ताई, याला एकदा दाखवून घ्या.

शहरातल्या एका सेंटरमध्ये नेलं. त्यांनी त्याला गुडघ्या-हातांवर उभं केलं, मान डावी-उजवीकडे वळवली, पाठीच्या कण्याच्या बाजूने बोट फिरवलं. मान वळवली की कोपर जरासं वाकत होतं, ते मीही पाहिलं. मग सांगितलं की याच्यात तान्हेपणचे रिफ्लेक्स, म्हणजे आपोआप होणाऱ्या हालचाली, शिल्लक आहेत, एटीएनआर, मोरो आणि गॅलंट. लक्ष न टिकणं आणि सतत चळवळ, ज्याला एडीएचडी म्हणतात, त्याचं मूळ तेच. ते ‘इंटिग्रेट’ झाले, म्हणजे दबून गेले, की लक्ष आपोआप लागेल, डॉक्टरची आणि गोळ्यांची गरज नाही. सहा महिन्यांचं पॅकेज, पैसे आगाऊ. रक्कम इथे लिहीत नाही, पण आमच्यासारख्या घराला दोनदा विचार करावा लागेल इतकी आहे.

सासूबाईंच्या मनाने घेतलंय की हा रांगलाच नाही, बसल्या बसल्या सरकत एकदम उभा राहिला, त्यामुळे झालं. नणंद म्हणते झोळीत फार ठेवला. मला रात्री झोप नाही. हे रिफ्लेक्सचं खरं असतं का? कुणी मुलाला हे करवलंय का?

---

भुसावळचा लोको | १३ जून, रात्री १०.४१

पैसे भरले नसतील तर भरू नका. मुलाला तपासणारा माणूस ‘डॉक्टरची गरज नाही’ म्हणतो, तिथून उठून यावं. बाकी जाणकार सांगतीलच.

---

तापीकाठ | १३ जून, रात्री ११.५५

ताई, मी लहान मुलांची फिजिओथेरपी करते, धुळे जिल्ह्यात. सविस्तर लिहिते, कारण तुम्हाला जे सांगितलं त्यात खरं आणि खोटं एकत्र कालवलेलं आहे.

खरं आधी. बाळ जन्मतं तेव्हा मेंदूचा वरचा, विचार करणारा भाग पुरता कामाला लागलेला नसतो. पहिले काही महिने कारभार खालच्या भागाकडे, मेंदूस्तंभाकडे असतो. तळहातावर बोट ठेवलं की मूठ मिटते. गालाला काही लागलं की तोंड तिकडे वळतं. डोकं अचानक मागे गेलं की दोन्ही हात पसरतात आणि पुन्हा छातीशी येतात. हा मोरो, अर्न्स्ट मोरो नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी १९१८ मध्ये वर्णन केलेला. मान एका बाजूला वळवली की त्या बाजूचे हातपाय ताणले जातात आणि दुसऱ्या बाजूचे दुमडतात, हा एटीएनआर. कण्याच्या बाजूने बोट फिरवलं की कंबर त्या बाजूला वळते, हा गॅलंट. हे तिन्ही साधारण चार ते सहा महिन्यांत मागे पडतात. पुसले जात नाहीत. मेंदूचा पुढचा भाग जसा तयार होतो तसा तो त्यांना दाबून ठेवतो. म्हणूनच स्मृतिभ्रंश झालेल्या वयस्कर माणसात यांतले काही पुन्हा वर आलेले दिसतात.

ही तपासणी खरी मोलाची आहे ती तान्ह्या बाळात. जन्मतः मोरो येतच नाही, किंवा एकच हात पसरतो, किंवा सहा महिने उलटून गेले तरी तो जोरात येतो, मुठी सतत आवळलेल्या, बाळ एका बाजूला ताठ, असं दिसलं तर ताबडतोब बालरोगतज्ज्ञ. सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणं) असेल, जन्मताना खांद्याच्या नसांना इजा झाली असेल, कॉलरचं हाड मोडलं असेल. तिथे ‘मोठं झालं की सुधारेल’ म्हणून महिने घालवलेली मुलं माझ्याकडे येतात तेव्हा फार वाईट वाटतं. हा धागा वाचणाऱ्या ज्यांच्या घरी तान्हं बाळ आहे त्यांनी एवढं जरूर लक्षात ठेवा.

आता आठ वर्षांचा मुलगा. या वयात गुडघ्या-हातांवर उभं करून मान वळवली आणि कोपर थोडं वाकलं, तर त्याचा अर्थ फार लावता येत नाही. शाळेत व्यवस्थित चालणाऱ्या, कुठलाही आजार नसलेल्या मुलांतही अशा खुणा सापडतात; पोलंडमध्ये बालवाडीच्या वयाच्या निरोगी मुलांवर झालेल्या अभ्यासात हेच आढळलं. एडीएचडीच्या मुलांत त्या जास्त सापडतात, हेही खरं. प्रागमधल्या संशोधकांनी २०१२-१३ मध्ये ते दाखवलं. गट लहान होते, पण निरीक्षण खोटं नाही.

मात्र दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही. २००७ मध्ये अमेरिकेत फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी एडीएचडीची २२३ मुलं आणि तेवढीच इतर मुलं घेऊन मेंदूचे स्कॅन तपासले. मेंदूचा बाहेरचा थर सर्वांत जाड होण्याचा टप्पा इतर मुलांत सरासरी साडेसात वर्षांच्या सुमारास आला, एडीएचडीच्या मुलांत साडेदहाच्या. सर्वांत जास्त उशीर पुढच्या भागात, म्हणजे जो भाग लक्ष धरून ठेवतो आणि हातपाय आवरतो त्यात. माझं मत असं की कोपराचं वाकणं आणि लक्षाचं भरकटणं या दोन्हींच्या मागे हा एकच उशीर असावा. मग कोपर सरळ करून लक्ष कसं लागेल? शिवाय एडीएचडी बऱ्याच अंशी आनुवंशिक आहे, जुळ्या मुलांच्या अभ्यासांतून तो वाटा सत्तर टक्क्यांच्या पुढे निघतो. घरात मामा, काका, आजोबा कुणी असे होते का, आठवून पाहा.

रांगणं आणि झोळी: सासूबाईंना आणि नणंदेला सांगा, दोन्हींनी एडीएचडी होतो याला आधार नाही. कित्येक मुलं न रांगता सरकत उभी राहतात आणि पुढे त्यांचं काहीच अडत नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२२ मध्ये विकासाच्या टप्प्यांची यादी सुधारली तेव्हा रांगणं त्यातून काढलंच. बाळ जागं असताना, कुणी समोर बसलेलं असताना त्याला रोज थोडं पालथं खेळू द्यावं, ते चांगलं. पण जे झालं ते तुमच्यामुळे झालेलं नाही, ताई.

---

शिंदखेड्यानी आक्का | १४ जून, सकाळी ७.१५

नातू टाईप करी राहिना, मी सांगी राहिनू. माय, मना धाकला आंडोर बी असाच व्हता. घडीभर एक जागावर बठे नही. मास्तरनी मारा, सासरासनी मारा, काहीच फरक पडना नही. आते तो सुरतले दुकान चालाडस, चार मानसं हाताखाले शेतस. पन त्यानी शाळा सुटनी ते मना मनले आजबी लागस. तुना पोऱ्याले मारू नको. आनि झोळीनं मनवर लेवू नको, आमना गावना समदा पोरं झोळीमाच मोठा व्हयनात.

---

अमळनेरची माय | १४ जून, सकाळी ९.३०

तापीकाठ ताई, तुमचा आदर ठेवून वेगळा अनुभव सांगते. माझी मुलगी दहा वर्षांची. तिला असेच व्यायाम करवले, रोज संध्याकाळी थोडा वेळ जमिनीवर, हळूहळू मान वळवत हातपाय हलवायचे. अक्षर सुधारलं, वाचताना ओळ सुटायची ती कमी झाली. आणि हे नुसतं माझं म्हणणं नाही, ‘लॅन्सेट’सारख्या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात यावर प्रयोग छापून आलाय. मग याला आधार नाही असं कसं म्हणायचं? गोळ्यांपेक्षा हे बरं नाही का?

---

तापीकाठ | १४ जून, दुपारी २.१०

ताई, तुमच्या लेकीचं वाचून बरं वाटलं आणि तुम्ही ज्या प्रयोगाचा उल्लेख केलात तो चांगला प्रयोग आहे, म्हणून त्याच्याबद्दल नीट लिहिते.

बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातले मार्टिन मॅकफिलिप्स आणि सहकारी, साल २०००. आठ ते अकरा वर्षांची ६० मुलं, वाचनात मागे असलेली आणि एटीएनआर शिल्लक असलेली. वीस-वीसचे तीन गट. एका गटाने वर्षभर घरी तान्ह्या बाळाच्या हालचालींसारखे व्यायाम केले, दुसऱ्याने तसेच दिसणारे पण त्यांच्याशी संबंध नसलेले, तिसऱ्याने काहीच नाही. पहिल्या गटात रिफ्लेक्स कमी झाला आणि वाचन इतरांपेक्षा सुधारलं. यातलं काहीही मी नाकारत नाही.

पण प्रयोग वाचनाच्या अडचणीवर होता, एडीएचडीवर नव्हता. आणि व्यायाम केलेली मुलं अवघी वीस. एवढ्या आधारावर ‘एडीएचडीचं मूळ हेच, हे केलं की गोळ्या नकोत’ असं म्हणून आईकडून आगाऊ पैसे घ्यायचे, याला मी ठाम विरोध करते. आमच्या क्षेत्रात हे पूर्वीही घडलंय. मेंदूला इजा झालेल्या मुलांना दिवसातून अनेकदा माणसं लावून रांगण्याच्या हालचाली करवायच्या, त्याला पॅटर्निंग म्हणत. साठच्या दशकात अमेरिकेत घरंच्या घरं त्यात गुंतली. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने १९९९ च्या निवेदनातही सांगितलं की त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही, आणि कुटुंबावर त्याचा बोजा मात्र मोठा पडतो.

घरी दहा-पंधरा मिनिटं जमिनीवर हळू हालचाली करायला माझी काही हरकत नाही. मूल आईबरोबर रोज शांतपणे बसतं, अंगाची जाण वाढते, त्याचाही फायदा होतो. धावणं, पोहणं, लंगडी, दोरीउड्या, खो-खो यांनी एडीएचडीच्या मुलांना काही प्रमाणात मदत होते. आखाजीला आपल्याकडे झाडाला झोके बांधतात, ते वर्षभर बांधलेले राहिले तरी चालतील. यातल्या कशालाही पॅकेज लागत नाही.

आणि गोळ्या वाईट, व्यायाम चांगला अशी विभागणी करू नका. मुलाला काय झालंय ते आधी ठरू द्या.

---

धडगावचे गुरुजी | १४ जून, संध्याकाळी ६.४५

मी सातपुड्यात जिल्हा परिषद शाळेवर आहे. ‘लक्ष नाही’ हे वाक्य शिक्षक म्हणून आम्ही फार लवकर बोलतो, म्हणून लिहावंसं वाटलं.

माझ्या वर्गातली बहुतेक मुलं घरी पावरी नाहीतर भिली बोलतात. पहिलीत मी मराठीत बोलायला लागलो की त्यांना अर्धं कळत नाही, मग ती खिडकीबाहेर बघतात. त्याला आजार म्हणायचं का? एका मुलीला मी वर्षभर मंद समजलो असतो, तिचा कान फुटलेला होता, पू यायचा. एका मुलाचं हिमोग्लोबिन इतकं कमी निघालं की तो वर्गात डोळे उघडे ठेवत होता हेच खूप. आमच्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, रक्तक्षय आहे. आईबाप ऊसतोडीला गेले की मुलं सकाळी उपाशी येतात. आणि ज्याला पहिलीत वयाच्या मानाने लवकर घातलंय ते मूल वर्गात सगळ्यांत लहान असतं. आठ-दहा महिन्यांनी मोठ्या मुलांशी त्याची तुलना करून त्याला चंचल ठरवलं जातं. परदेशात बऱ्याच ठिकाणी पाहिलंय की वर्गातल्या सर्वांत लहान मुलांवर एडीएचडीचा शिक्का जास्त बसतो.

सावदेकरीण ताई, तुमच्या मुलाचे कान आणि डोळे कुणी तपासले का? झोपेत घोरतो का, तोंड उघडं टाकून झोपतो का? घशातल्या गाठी वाढलेल्या असल्या की झोप मोडते आणि मूल दिवसा सैरभैर होतं. मध्येच काही सेकंद टक लावून गोठतो आणि हाक मारली तरी कळत नाही, असं होतं का? तसं असेल तर ती फिटचीही एक जात असते, ती ईईजीत, म्हणजे मेंदूच्या लहरींच्या तपासणीत, सापडते आणि तिचं औषध वेगळं.

---

सावदेकरीण | १४ जून, रात्री ९.०५

गुरुजी, कान-डोळे कुणीच तपासले नाहीत. सेंटरनेही नाही. घोरतो, हो. आणि तापीकाठ ताई, माझा धाकटा भाऊ अगदी असाच होता. हे आजवर जोडून पाहिलंच नव्हतं.

---

चाळीसगावकर बाप | १४ जून, रात्री ११.३०

माझा मुलगा अकरा वर्षांचा, एडीएचडीचं निदान झालेलं, गोळी चालू आहे. गोळीबद्दल घाबरवणारं फार ऐकलंय मीही, म्हणून लिहितो.

निदान एका भेटीत झालं नाही. डॉक्टरांनी घरासाठी एक आणि शाळेसाठी एक प्रश्नावली दिली. लक्ष न लागण्याची नऊ आणि चळवळ-उतावळेपणाची नऊ लक्षणं असतात. त्यांतल्या एका गटातली तरी निदान सहा हवीत, सहा महिन्यांहून जास्त काळ हवीत, बारा वर्षांच्या आत सुरू झालेली हवीत, आणि घर व शाळा अशा दोन ठिकाणी तरी दिसायला हवीत. फक्त शाळेत दिसतात आणि घरी मूल ठीक आहे, तर शाळेत काय चाललंय ते आधी शोधा.

आम्हाला आधी पालकांचं प्रशिक्षण दिलं. एका वेळी एकच सूचना, डोळ्याला डोळा देऊन. काम छोटे तुकडे करून. चांगलं वागला की तिथल्या तिथे कौतुक, संध्याकाळपर्यंत थांबायचं नाही. घरातली चिडचिड बरीच कमी झाली, पण शाळेत अडतच होतं. मग मिथाइलफेनिडेट सुरू केलं. पहिले काही आठवडे जेवण घटलं, झोप उशिरा यायची. मात्रा आणि वेळ बदलल्यावर सावरलं. दर भेटीला वजन, उंची, नाडी, रक्तदाब बघतात. हे औषध नियंत्रित यादीत आहे, कुठल्याही मेडिकलवर मिळत नाही, चिठ्ठी सांभाळून ठेवावी लागते. आम्ही ते नाशिकहून आणतो. मधे एकदा संपलं आणि मिळेना, तेव्हा डॉक्टरांनी दुसऱ्या औषधाबद्दलही सांगितलं होतं, ॲटोमोक्सेटीन, पण त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात.

अमेरिकेत १९९९ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, ५७९ मुलं, चौदा महिने. नीट देखरेखीखाली दिलेल्या औषधाने मूळ लक्षणं नुसत्या वर्तन-उपचारापेक्षा जास्त आटोक्यात आली. प्रत्येकाला गोळी लागेलच असं मी म्हणत नाही. सहा वर्षांच्या आतल्या मुलांत तर आधी पालक-प्रशिक्षणच करतात. पण माझा मुलगा आता गोष्टीचं पुस्तक पूर्ण वाचून खाली ठेवतो. ते सुख गोळीच्या भीतीपायी त्याला दोन वर्षं उशिरा द्यायचं नव्हतं मला.

---

अमळनेरची माय | १५ जून, सकाळी ८.२०

दादा, तुमचं वाचून विचारात पडले. माझ्या मुलीचं निदान असं कुणी केलंच नाही, ‘रिफ्लेक्स आहेत’ एवढंच सांगितलं. ती दंगा करत नाही, गप्प बसून असते आणि मन भलतीकडेच. मुलींत असंही असतं का?

---

तापीकाठ | १५ जून, सकाळी ८.५०

असतं, आणि मुलींत ते हमखास सुटतं, कारण गप्प मुलीची तक्रार घेऊन कुणी येत नाही. ओळ सुटायची म्हणालात, तर वाचन-लेखनाच्या अक्षमतेचीही तपासणी करून घ्या. दोन्ही बऱ्याचदा सोबत असतात. ही अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत आहे, त्यामुळे प्रमाणपत्राचा पुढे परीक्षेत उपयोग होतो. व्यायाम आवडत असतील तर चालू राहू देत.

---

भुसावळचा लोको | १५ जून, दुपारी १.००

जायचं कुठे, ते कुणीतरी स्पष्ट लिहा. दरवेळी नाशिक-पुणे सगळ्यांना परवडत नाही.

---

धडगावचे गुरुजी | १५ जून, संध्याकाळी ७.१०

लिहितो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुलं त्यात येतात. फिरतं पथक असतं, दोन डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि एक परिचारिका; अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा येतं. ज्या तीस गोष्टी ते तपासतात त्यांत एडीएचडी आणि अध्ययन अक्षमता दोन्ही आहेत, हे पालकांना माहीत नसतं आणि आम्हा शिक्षकांतल्याही अनेकांना नसतं. पथकाने चिठ्ठी दिली की जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात, पुढची तपासणी विनामूल्य. पथकाची वाट न बघता जिल्हा रुग्णालयात किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या बालरोग आणि मानसोपचार विभागातही थेट जाता येतं. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे आता महाविद्यालयं आहेत. जाण्याआधी नुसतं बोलायचं असेल तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, मराठीत बोलतात.

जाताना जन्माच्या वेळची कागदपत्रं, लसीकरणाचं कार्ड, मागच्या दोन वर्षांच्या वह्या आणि शाळेचं लेखी निरीक्षण न्या. तोंडी ‘ऐकत नाही’ म्हटल्याने डॉक्टरांच्या हाती काही लागत नाही.

---

सावदेकरीण | १५ जून, रात्री ९.४०

पॅकेजला नाही कळवलं. पुढच्या आठवड्यात आधी कान-नाक-घसा आणि डोळे, मग जिल्ह्याला. शाळा सुरू झाली की नव्या बाईंना काय लिहून देऊ? त्यांच्यावर आरोप केल्यासारखं वाटायला नको, आणि मुलावर शिक्काही बसायला नको.

---

धडगावचे गुरुजी | १५ जून, रात्री १०.१५

एवढं पुरे आहे, हवं तसं बदलून घ्या:

‘आदरणीय बाई, माझ्या मुलाची वैद्यकीय तपासणी सुरू आहे, निदान अजून झालेलं नाही. डॉक्टरांना शाळेतलं निरीक्षण लागणार आहे. तो सलग किती वेळ काम करतो, कोणत्या विषयात जास्त उठतो, मित्रांशी कसा वागतो आणि कशात रमतो, हे तुमच्या शब्दांत लिहून द्यावं ही विनंती. तोवर शक्य असल्यास त्याला पुढच्या बाकावर, दारापासून लांब बसवावं, सूचना एका वेळी एक द्यावी आणि फळा पुसणं, वह्या वाटणं अशी उठण्याची कामं त्याला सांगावीत. मधली सुट्टी शिक्षा म्हणून काढून घेऊ नये. घरी काही करायचं असेल तर मला वहीत लिहून कळवावं, मी रोज सही करून पाठवीन.’